मदी रेघ पाडलेली गोळी

आमचं किराणा दुकान चौसाळ्याला, हायवेच्या कडंला. ट्रकवाले, शेतावरचे, मास्तर, पोलीस, सगळे तिथं थांबायचे. गिऱ्हाईक पायरी उतरलं की मी त्येचा आवाज काढायचो. बाप तोंडावर हसायचा न्हाई. उगाच खाली वाकून गुळाच्या ढेपंवरचं पोतं सारखं करायचा, आन त्येची पाठ हलताना मला दिसायची.

पुढं मी बीडला स्टॅटिस्टिक घेऊन बीएस्सी झालो आन तिथंच एका दवाखान्यात कामाला लागलो. पोरगं काय करतं म्हणून कुणी इचारलं की बाप सांगायचा, "आकडे करतो."

"मटक्याचे व्हय?" समोरचा आवाज खाली आणून इचारायचा.

"न्हाई. बीपीचे."

मटक्याचे असते तर गावात जास्त मान राहिला असता.

काम असं होतं. आमचे डॉक्टर आन शहरातल्या कॉलेजातले त्येंच्या ओळखीचे एक प्रोफेसर मिळून बीपीच्या दोन औषधांची तुलना करत होते. एक जुनं औषध, निळी कॅप्सूल. एक नवं, पांढरी गोळी, मदी रेघ पाडलेली. निम्म्या पेशंटांना हे, निम्म्यांना ते. कुणाला काय द्यायचं ते चिठ्ठीवर ठरलेलं. दर महिन्याला पेशंटनं यायचं, सिस्टरनं दंडाला पट्टा बांधून बीपी बघायचं, डबीत उरलेल्या गोळ्या मोजायच्या, आन मी ते सगळं कॉम्प्युटरात भरायचं. नावं भरायची न्हाईत, तसा नियमच होता. ज्येला त्येला नंबर.

डॉक्टरांचा जीव त्या पांढऱ्या गोळीत होता. कॅप्सूल चांगली होती पण महाग. बीपीचं औषध एकदा सुरू झालं की जल्मभर. "हे बघा," डॉक्टर म्हणायचे, "आपल्याकडच्या माणसाला जन्मभर परवडेल तेच खरं औषध. कळलं?" त्येंचं प्रत्येक वाक्य 'हे बघा' नं उठायचं आन 'कळलं?' वर बसायचं. मदी आवाज रेशमावानी मऊ. मला तो आठ दिवसात यायला लागला.

नंबर दिले तरी माज्या डोक्यात आवाजच राहायचे. दुपारी दवाखाना रिकामा झाला की सिस्टर डबा उघडायच्या आन म्हणायच्या, "सात नंबर काढ रे." सात नंबर म्हणजे एक रिटायर मास्तर. बीपी सांगितलं की डोळे झाकून म्हणायचे, "पुन्हा एकदा. स्पष्ट." मी ते काढलं की सिस्टरांना ठसका लागायचा.

टेबल काढायला आर नावाचं सॉफ्टवेअर होतं. औरंगाबादला शिकणाऱ्या माज्या दोस्तानं सीडीवर आणून दिलतं. फुकट होतं. दुकानदाराच्या पोराला फुकट म्हणलं की आदी संशय येतो, म्हणून मी सुरवातीला सगळ्या बेरजा वहीत हातानं करून ताळा बघितला. ताळा जुळला. त्या आरमदी एक पॅकेज होतं. पॅकेज म्हणजे कुणीतरी आदीच करून बांधून ठिवलेल्या कामाचं गाठुडं. आपण फकस्त एक ओळ लिहायची, कुठला रकाना आन कुणाकुणात वाटून, आन एंटर मारायचं. लाइट असली तर टेबल तयार. माणसं किती, सरासरी किती, मधला आकडा, सगळ्यात कमी, सगळ्यात जास्त, आन शेवटी किती जणांचा आकडाच न्हाई. एवढी माणसं, एवढ्यांचे गाव, गुडघे, सुना, सगळं त्या चार ओळीत मावायचं. मी ते टेबल माजलगावच्या मोंढ्यातल्या अडत्याच्या आवाजात वाचून दाखवायचो. "सरासरी आली, सरासरी! बोला, कमीत कमी बोला!" डॉक्टर आतून ओरडायचे, "हे बघा, पेशंट आहेत बाहेर!"

शिरूर कासारकडचे पेशंट आमच्याकडं बरेच होते. काळीपिवळी जीपमदी दाटून यायचे. त्यातल्या एक मावशी. धिप्पाड बाई, नाकात मोरणी, आन बोलणं असं की वेटिंगमदी टीव्ही लावायची गरज न्हाई. मला 'नकल्या' हे नाव त्येंनीच ठिवलं. संगं त्येंचे मालक यायचे. त्येंना मी मामा म्हणायचो. मामा बोलायचे न्हाईत. बाकावर बसायचे, टोपी मांडीवर ठिवायचे, मान हलवायचे. दवाखान्यातल्या सगळ्यांचे आवाज मला यायचे, मामाचा येत नव्हता. ऐकलाच नव्हता कदी.

मावशी पहिल्यांदा आल्या त्या दिवशीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिथंच सुरू झालं. ह्या तुलनेत, म्हणजे ट्रायलमदी, यायचं तर कागदावर सही लागती. पेशंटला वाचता येत नसलं तर डॉक्टरनं कागद मोठ्यानं वाचायचा, पेशंटनं आंगठा द्यायचा, आन खरंच वाचून दाखवलं ह्याला एका साक्षीदारानं सही करायची. नियम चांगला होता. पण साक्षीदार कोण आणायचा? तर जो संगं आलाय तो. मावशीसंगं मामा होते. मामालाबी वाचता येत नव्हतं. मग काय, मामाचाबी आंगठा. जिला वाचता येत न्हाई तिच्यासाठी साक्षीदार, आन साक्षीदाराच्या बोटालाबी तीच शाई. आमच्यापैकी कुणाला त्यात काय वावगं दिसलं न्हाई. अशा बऱ्याच जोड्यांचे दोन दोन आंगठे आमच्या फायलीत होते. एवढ्या लांबून आलेत म्हणून सिस्टरांनी मामाच्या दंडालाबी पट्टा बांधला. बीपी एकदम ठीक. सिस्टर म्हणल्या, "बरं हाय." मामांनी मान हलवली. मावशीनं पांढऱ्या गोळ्यांची डबी पदराच्या गाठीला बांधली आन दोघं जीपकडं गेले.

दसऱ्याच्या आसपास त्या तपासायला आल्या तवा पट्टा बांधून घेताना म्हणल्या, "सिस्टरबाई, आमचं पहिलवान आताशा बसल्या जागी डुलतंय बगा. म्हातारं झालं म्हनावं तर दात सगळे हायत."

"उन्हात जास्त राहू देऊ नका," सिस्टर म्हणल्या.

मामा बाकावर बसून मान हलवत होते. मावशी गेल्यावर मी ते 'दात सगळे हायत' करून दाखवलं. सिस्टर हसल्या. दिवाळी झाली की त्या दोघांना ऊसतोडीला जायचं होतं, म्हणून डॉक्टरांनी संक्रांतीपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या एकदमच दिल्या. फायलीत टोळी नेणाऱ्या मुकादमाचा मोबाईल नंबर लिहून घेतला. तवा टोळीत मोबाईल एकट्या मुकादमाकडंच असायचा.

दिवाळीनंतर डॉक्टरांना प्रोफेसरांकडं जायचं होतं, आतापर्यंत काय दिसतंय ते दाखवायला. मी टेबल काढलं. दोन रकाने, कॅप्सूल आन गोळी. कॅप्सूलवाल्यांचं बीपी चांगलं उतरलेलं. गोळीवाल्यांचं त्येच्या निम्मंबी न्हाई.

डॉक्टरांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला. गोळ्या घेत नसतील म्हणावं तर डब्या रिकाम्या होत्या, हिशेब जुळत होता. "फोडून बघ," ते म्हणले. "बाई-माणूस, वय, तालुका. जे रकाने आहेत ते सगळे लावून बघ."

पॅकेजला तेवढं एक बरं होतं. ओळीतला एक शब्द बदलायचा आन एंटर. बाई-पुरुष लावलं, फरक न्हाई. वय लावलं, न्हाई. तालुका लावला तर शिरूरकडच्यांचं जरा कमी उतरलेलं. मग राहिलेला एक रकाना होता, जोडीदार हाय का न्हाई. तो लावला आन मी खुर्चीत सरळ झालो. गोळी घेणाऱ्यात जे एकटे होते, विधवा बाया, एक-दोन म्हातारे, त्येंचं बीपी कॅप्सूलवाल्यांइतकंच उतरलेलं. ज्येंचा जोडीदार जिवंत, त्येंचं अडकलेलं. कॅप्सूलच्या रकान्यात मात्र जोडीदार असो नसो, सगळे सारखे.

मी टेबल घेऊन आत गेलो आन डॉक्टरांच्याच आवाजात म्हणलं, "हे बघा, नवरा जिवंत असेल तर बीपी उतरत नाही. कळलं?"

सिस्टर भिंतीला टेकून हसल्या. त्येंचं लग्न होऊन बरीच वर्षं झालेली. डॉक्टरबी हसले, पण लगेच थांबले. "आकडा हसवायला लागला," ते म्हणले, "की काहीतरी चुकलंय असं समजायचं. मी आल्यावर बसू." आन दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस्टीनं ते गेले. संगं ते टेबल. प्रोफेसरांना सांगणार होते की गोळी चालत न्हाई असं दिसतंय.

त्याच दिवशी दुपारी शिरूरकडच्या एक आजी आल्या. विधवा. पांढऱ्या गोळीवाल्या. आदी भावाच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून ऊसतोडीला जायच्या, आता गुडघ्यानं बसवलं होतं. आमच्याकडं ऊसतोडीला माणसं मोजत न्हाईत, कोयते मोजत्यात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असला तर अर्धा.

सिस्टरांनी पंप दाबला, काटा बघितला. "आजी, तुमचं बीपी तर लई छान उतरलं. गोळी रोज घेता?"

"रोज घेती की."

"चुकवत न्हाई ना?"

"न्हाई. अख्खी घेती." आजी जरा थांबल्या. "मला कोन हाय वाटून खायाला?"

सिस्टरांचा हात पंपावरच राहिला. मी कीबोर्डवरून मान वर केली.

"वाटून म्हणजे, आजी?" मी इचारलं.

"कोयत्याचं औशीद हाय न्हवं हे? दोगांचं आंगठं घेतलंत तुमी सगळ्यांचं. मुकादमबी पैशे देताना दोगांचं घेतो. मंग जे मिळंल ते दोगांचं. गोळीवर रेगबी पाडलेली हाय मदोमद. समदी अर्धी-अर्धी खात्यात." मग त्या आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघायला लागल्या आन आवाज बारीक झाला. "माज्यासंगं कुनी न्हाई म्हून मी अख्खी खाल्ली, बाबा. तुमी काय बोल्ला न्हाईत म्हून मीबी गप बसले. अर्धीच खायाची हुती का?"

सिस्टरांनी त्येंचा हात धरला. "न्हाई आजी. तुमीच बरोबर खाल्ली."

आजी गेल्यावर आमी दोन्ही औषधांच्या डब्या टेबलावर उघडल्या. निळी कॅप्सूल फुटत न्हाई. तिच्यात भुकटी, मोडली की सांडती. म्हणून ती ज्येची त्येनंच खाल्ली. गोळी मात्र रेघेवर दाबली की टचकन दोन. कुणी लबाडी केली नव्हती. डबी रिकामी, हिशेब बरोबर, दोन आंगठे, दोन तुकडे. आमीच दोघांना सौद्यात घेतलं होतं, आन आमालाच ठाऊक नव्हतं.

मग सिस्टर एकदम म्हणल्या, "दात सगळे हायत."

मला आदी कळलंच न्हाई. मग कळलं. मामा. बीपी चांगलं असलेला माणूस महिनोन् महिने बीपी उतरायची अर्धी गोळी खात होता. डुलत होता तो त्येच्यानं. आन आता तो ऊसतोडीला गेला होता. ऊसतोडीला माणूस नुसता वाकून तोडत न्हाई. उसाची मोळी डोक्यावर घ्यायची आन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचं. फळी दीड वीत रुंद. खाली धरायला काय न्हाई.

डॉक्टरांना फोन लावला. बंद. मीटिंगमदी असतील. सिस्टरांनी फाईल काढली आन मुकादमाला लावला.

"टोळी उसाच्या फडात हाय बाई. सांजच्याला करा."

"अहो, दवाखान्यातून बोलते, अर्जंट..."

"समद्यांचं अर्जंटच असतंय. आज ह्येची आय आजारी, उद्या त्येची सासू. सांजच्याला करा." ठिवला.

सिस्टर फोनकडं बघत राहिल्या. मग माज्याकडं. "डॉक्टर बोलले असते तर दिला असता त्यानं मावशीकडं फोन."

"व्हय."

"मग तुला कशाचा पगार आहे?" सिस्टर म्हणल्या. त्येंच्या तोंडावर हसू नव्हतं.

मी फोन घेतला. घसा साफ केला. दुकानात, कॉलेजात, दवाखान्यात मी एवढ्यांच्या नकला केल्या, पण समोरच्यानं खरं मानावं म्हणून एकबी केली नव्हती.

"हे बघा," मी म्हणलं, "मी बीडहून डॉक्टर बोलतोय."

"बोला साहेब! आत्ताच बाईंचा फोन आलता. म्या म्हनलं..."

"आमच्या पेशंट आहेत तुमच्या टोळीत. जीव-मरणाचं काम आहे. फोन त्यांच्या हातात द्या. आत्ता. कळलं?"

"व्हय साहेब. चाललोच साहेब."

मुकादम फडात चालत गेला ते मला ऐकू येत होतं. पायाखाली उसाचं वाळलेलं पाचट चुरचुरत होतं. लांब कुठंतरी ट्रॅक्टर. बाया काहीतरी ओरडून बोलत होत्या. मग मावशीचा दम लागलेला आवाज. "हालू."

"हे बघा मावशी, मी डॉक्टर बोलतोय. तुमची ती पांढरी गोळी..."

मग एकदम मावशी खदाखदा हसल्या. "आरं नकल्या! तूच हायस व्हय! डाक्टर मला कवा मावशी म्हनतेत? हे बगा, कळलं, म्हनं! मुकादम बिचारा पळत आला की रं."

"मावशी, हसू नका."

"मंग रडू? काढ आजून येकदा."

मी डॉक्टरांचा आवाज सोडला. सोडला तर काय बोलायचं तेच सुचंना. "मावशी, हा माजा आवाज हाय. ऐका. ती गोळी मामाला देताव का तुमी?"

"ह्यो तुजा व्हय? आसला बारीक?"

"देताव का?"

"देती की. कावून?"

"किती देताव?"

"आदी अर्धी देत हुते. परवापसून अख्खीच देती."

"अख्खी? कावून?"

"पडले की रं." मावशीचं हसू उतरलं. "परवा. फळीवरून. मोळी डोक्यावर हुती. पाचटाच्या कोपीत पडून हायत. उठलं की बांबू धरून उभं राहत्यात, डोळ्याम्होरं अंदारी येती. मला काय धाड भरली न्हाई, म्हून माजी अर्धीबी त्येंनाच देती. लवकर बरं वाटंल."

सिस्टर माज्या कानाला कान लावून ऐकत होत्या. त्येंनी डोळे मिटले.

"मावशी, आता एकबी तुकडा देऊ नका मामाला. ती गोळी त्येंची न्हाईच. तुमच्या एकटीची हाय. मामा तिच्यानंच पडले. ती जास्त पोटात गेली तर..."

"माज्या येकलीची? मंग त्येंची कुटं हाय?"

"त्येंना नकोच हाय. त्येंचं बीपी चांगलं हाय."

"चांगलं हाय तर मंग पडले कसे?"

"गोळीनं, मावशी."

पाचट वाजत होतं. मग मावशी म्हणल्या, "नकल्या, खरं बोलतुस का हीबी नक्कलच हाय?"

"खरं बोलतो."

"शपत घे."

मी 'आईची शपथ' म्हणलं तवा पलीकडं कुणी नव्हतं. रेंज गेलती. सिस्टरांनी पुन्हा लावला, पुन्हा पुन्हा लावला. तीच एक बाई इंग्रजीत सांगत होती की लागत न्हाई.

मावशीला पटलं का न्हाई, ते आमाला कळायला मार्ग नव्हता. त्या बाईनं मला आजवर एकदाबी खरं बोलताना ऐकलं नव्हतं. संध्याकाळी त्या गोळीची डबी उघडणार होत्या.

दिवस मावळायला डॉक्टरांचा फोन लागला. सिस्टरांनी सगळं सांगितलं, फोन मी केल्याचं सोडून. ते नुसतं "नंबर द्या" म्हणले. पुढचं त्येंनीच मला मागनं सांगितलं. त्येंनी मुकादमाला लावला आन म्हणले, हे बघा, मी बीडहून डॉक्टर बोलतोय. तर मुकादम म्हणाला, "व्हय साहेब, दुपारीच बोललो की आपन."

डॉक्टर थांबले. मग म्हणले, "हो. पुन्हा एकदा सांगतोय."

रेंजसाठी मुकादम बांधावर उभा होता, त्येनं मावशीला तिथं बोलावून आणलं. मावशीनं खऱ्या डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं आन शेवटी म्हणल्या, "नकल्यानं सांगितलं तवाच फेकून दिली डबी. पोरगं येवडं शांत कदी बोलत न्हाई."

त्या दिवशी मला वाटलं की चला, झालं. पण झालं नव्हतं. कारखान्याजवळच्या डॉक्टरनं मामाला बघितलं. गोळी थांबल्यावर अंधारी गेली, दोन दिवसात मामा सरळ बसायला लागले. पण पडताना कंबर फळीच्या काठावर आदळली होती. मणक्याला चीर गेली. ऊस तोडणं, मोळी उचलणं आता कायमचं बंद, असं सांगितलं. टोळीतला त्येंचा कोयता मोडला. मावशी म्हणल्या होत्या की मी राहती अर्धा कोयता म्हून, तर आमच्या डॉक्टरांनीच नको म्हणलं. एका उलट येणाऱ्या गाडीत मामाला गादीवर आडवं टाकून त्या गावाकडं परत आल्या.

आमी बाकीच्या जोड्यांना फोन लावत राहिलो. प्रत्येकीला तेच. गोळी तुमचीच, एकटीनं अख्खी खायची. आता मी माज्याच आवाजात बोलत होतो. बायांना ते लई अवघड गेलं. एकजण म्हणली, "येकलीनं कसं खावं बाबा? ते म्होरं बसलेलं असतंय." डॉक्टरांनी मालकांसाठी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या द्यायला सांगितल्या. मग जमलं.

संक्रांतीनंतर मी पुन्हा टेबल काढलं. पांढऱ्या गोळीचा रकाना आता कॅप्सूलच्या बरोबरीनं उभा होता. जोडीदार असो नसो. गोळी चालत होती, पहिल्यापासून चालत होती. डॉक्टरांनी टेबल घडी करून फायलीत ठिवलं. खूश झाले का, ते कळलं न्हाई.

मग दुसरं टेबल काढायचं होतं, औषधानं कुणाला काय त्रास झाला त्याचं. चक्कर, मळमळ, पाय सुजणं, पडणं. मी सगळं भरलं. मामाची एक ओळ भरली. चक्कर, पडणं, मणका. नंबराच्या जागी काय लिहायचं? मामाला नंबर नव्हता. मी तो रकाना रिकामा ठिवला आन एंटर मारलं. टेबल आलं. पडणं, शून्य.

पॅकेजनं चूक दाखवली न्हाई, लाल अक्षरबी न्हाई. ज्येला नंबर न्हाई त्येची ओळ ते पेशंटांच्या यादीला जोडतच न्हाई. गपचिप गाळतं. त्येच्या लेखी मामा कदी दवाखान्यात आलेच नव्हते. मी तीनदा करून बघितलं. मग डॉक्टरांना नेऊन दाखवलं. त्येंनी पेन काढलं आन टेबलाखाली हातानं लिहायला लागले. एक पान भरलं. त्यात मामा होते, दोन आंगठे होते, आन चूक कुणाची तेबी होतं. ते पान टाइप करू नको, असंच जाऊ दे, म्हणले.

मला वाटलं आता माज्या नकलीचं निघंल. निघालं. "मी 'कळलं' इतक्यांदा म्हणतो?" एवढंच त्येंनी इचारलं.

उन्हाळा लागला तवा मावशी तपासायला आल्या. संगं मामा. कमरेला पट्टा, हातात काठी. जीपमधून उतरायला त्येंना लई वेळ लागला. मावशी दोन पावलं म्होरं चालायच्या, थांबायच्या, मागं बघायच्या न्हाईत, नुसतं थांबायच्या. मामा आले की पुन्हा दोन पावलं.

डॉक्टर आपल्या खुर्चीवरून उठले आन बाहेर बाकावर येऊन मामाच्या शेजारी बसले. मी त्येंना पेशंटच्या बाकावर बसलेलं पहिल्यांदा बघितलं. त्येंनी सगळं सांगितलं. औषध फकस्त मावशीचं होतं. तुमाला ते द्यायचंच नव्हतं. ते आमी नीट समजावून सांगायला पायजे होतं, सांगितलं न्हाई. आमची चूक झाली. आता साक्षीदार म्हणून घरच्याला घेत न्हाई, समोरचे मेडिकलवाले येऊन वाचत्यात आन सही करत्यात.

मामा टोपी मांडीवर घेऊन ऐकत होते. मान हलवत नव्हते. डॉक्टर बोलायचे थांबले तवा मामांनी उजवा हात वर केला, आपल्या आंगठ्याकडं बघितलं, आन म्हणले, "मंग माजा आंगठा कशाला घेतलता?"

आवाज जाडा होता. हळू. राग नव्हता त्यात. खरंच इचारत होते.

"हे बघा," डॉक्टर म्हणले. पुढं काय न्हाई.

सिस्टर पट्टा हातात घेऊन उभ्या होत्या. मग मावशीच माज्याकडं वळल्या. डोळ्याला पदर लावलेला, पण सवय सुटत न्हाई.

"बोलले बग, नकल्या, येकदाचे," त्या म्हणल्या. "काढ आता ह्येंचाबी आवाज."

मी कॉम्प्युटरकडं तोंड केलं. लोडशेडिंग चालू होतं, स्क्रीन काळी होती. तरी मी कीबोर्डवर बोटं ठिवून बसलो.